कोरडा उपास

मांडवाच्या दिवशी घरात भांडण नको, असं गीताबाईंनी सकाळपासून ज्याला-त्याला बजावलं होतं. ज्याने-त्याने मान हलवली होती आणि आपापलं भांडण हाताशी तयार ठेवलं होतं. पडघानांच्या घरात हे नेहमीचंच. भांडायचं नाही असं ठरलं म्हणून भांडण टळत नाही, फक्त जेवणं उरकल्यावर होतं.

या खेपेला ते जेवणाआधीच सुरू झालं, कारण सकाळीच मंजुश्रीचा फोन वाजला.

उद्या गीताबाईंच्या लेकीचं, छकुलीचं लग्न. दुसरबीडहून महादेवरावांचं वऱ्हाड येणार, त्यांचा गोविंदा घोड्यावर बसणार, मारुतीच्या पारापासून वाजतगाजत मांडवात येणार आणि साडेबाराला अक्षता पडणार. म्हणजे पत्रिकेत साडेबारा. आमच्याकडे साडेबाराच्या अक्षता दोनच्या आत पडल्या तर लोक एकमेकांना विचारतात, काही बिनसलं की काय. आणि फोनवर होता हवामान खात्याचा लाल इशारा. उद्या आणि परवा जिल्ह्यात उष्णतेची तीव्र लाट, दुपारी बाहेर पडणं टाळावं. मंजुश्रीनं तो एकदा घरची सून म्हणून वाचला आणि एकदा नगरपरिषदेची बाई म्हणून वाचला.

नळखेडच्या नगरपरिषदेत जिन्याखालच्या खोलीवर 'शहर हवामान कक्ष' अशी पाटी आहे. त्या पाटीखाली गेले काही उन्हाळे ही एकटी बसत आली होती. सुरुवातीला गावानं तिला 'उन्हाची मॅडम' म्हणून हसून घेतलं. मग तिनं झोपडपट्टीतल्या पत्र्यांना वरून चुना मारून घेतला आणि बाया म्हणायला लागल्या, आता दुपारी घरात बसवतं. बाजार समितीतल्या हमालांना तिनं भर उन्हातली सुट्टी मिळवून दिली. पेठेतल्या नाल्यात लोकांनी टाकलेला बांधकामाचा मलबा उपसून काढला, तेव्हा दुकानांत पाणी शिरायचं थांबलं. हसणं कमी झालं ते तेव्हापासून.

सगळ्यात अवघड काम होतं लग्नांचं. मंगल कार्यालयवाले, मांडववाले, बँडवाले, भटजी, मौलाना, सगळ्यांना तिनं एका सभागृहात बसवलं आणि त्यांच्याकडून शब्द घेतला. लाल इशारा आला की त्या दिवशी भर दुपारी लग्न लावायचं नाही. सकाळी लवकर लावा, नाहीतर दिवस कलल्यावर लावा. या शब्दाला कायद्याचा काडीचा आधार नव्हता. लोकांनी तो तिच्या तोंडाकडे पाहून दिला होता, आणि आजवर पाळला होता.

अंगणात मांडववाले अब्दुल गनी झालरी बांधत होते. मंजुश्री बाहेर आली तसे ते शिडीवरून खाली उतरले आणि खांद्यावरच्या रुमालानं मान पुसत उभे राहिले.

"ताई, इशारा आला म्हनते."

"आला, चाचा."

"मंग?"

अब्दुल गनींनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली घेतला. "आमच्या आसमाच्या टायमाले तुमी घरी आल्या होत्या. मी नवरदेवाकडच्यायच्या हातापाया पडलो, निकाह दिवस बुडल्यावर, मगरिबच्या नमाजनंतर घेतला. लोकायनं लय बोलून घेतलं मले. बोलले त बोलले. पन आता मले कोनी इचारलं, का बे गनी, ताईच्या सोताच्या घरचं लगन दुपारी कसं काय, तर मी काय सांगू?"

"सांगा, अजून ठरलं नाही म्हनून."

"ठरलं नाही?" त्यांनी वरच्या झालरींकडे पाहिलं. "मले त उत्तमभाऊनं सांगतलं, बाराच्या आत मांडव पूरा तयार पाह्यजे."

"तुमी बांधा. मी पाहते."

पाहते म्हणणं सोपं होतं. आत बैठकीत तिचे सासरे उत्तमराव लोडाला टेकून बसले होते, भोवती चुलतभावांचा गोतावळा होता, आणि तिचा नवरा गोकुळ दाराजवळच्या खुर्चीवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. सकाळी खोलीत गोकुळनं बायकोला शब्द दिला होता, की मी बोलतो बाबांशी, तू मधात पडू नको. खोलीत दिलेला शब्द बैठकीत विसरायचा हा त्याचा जुना आजार. मंजुश्री दारात आली तशी त्यानं मान आणखी खाली घातली. वडिलांसमोर तोंड उघडायची पाळी आली की अजूनही त्याला शाळेतल्यासारखी लघवीला लागायची. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण तोंड काही उघडत नव्हतं.

"बाबा, उद्याचं लग्न गोरजवर घेऊ," मंजुश्री म्हणाली. "भटजी म्हनतात, गोरज मुहूर्ताले पंचांग उघडाचीबी गरज नाही."

"तू भटजीले इचारलं?" उत्तमराव सावकाश म्हणाले. "मले इचाराच्या आधी?"

"तुमी पयले तेच म्हनले असते, का मुहूर्त नाही. म्हनून आधी इचारून आली."

एका चुलतभावाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. उत्तमरावांना मात्र हसू आलं नाही. "शहराचं शहरात ठेव, मंजू. हे घर आहे. इथी तुह्या ऑफिसचे नियम लागू नाही."

"नियम नाही, बाबा. उद्या तुमचा कोरडा उपास. सकाळपासून पान्याचा थेंब नाही. हृदयात स्प्रिंग टाकलेली, वरून रोजची लघवीची गोळी चालू. डॉक्टरनं तुमाले काय सांगतलं होतं उन्हाळ्यासाठी?"

भरल्या बैठकीत सुनेनं लघवीची गोळी काढली. हे उत्तमरावांना लाल इशाऱ्यापेक्षा जास्त झोंबलं. ते उठून बसले.

"असं? मंग हिशेब कर ना तूच. अक्षता पडल्याशिवाय मी पानी पेत नाही. दुपारी लग्न लागलं त दुपारी पेईन. तू म्हनते गोरज. म्हंजे दिवसभर मले तहानलेला ठेवाचं? तू माह्या जिवासाठी बोलून राह्यली, का आनखी कशासाठी?"

बैठकीत समाधानाची कुजबुज झाली. म्हाताऱ्यानं सुनेला बरोबर कोंडीत पकडलं होतं. आणि खरं सांगायचं तर मंजुश्रीनं याचा विचारच केला नव्हता. शेकडो लोकांचं ऊन तिनं मोजलं होतं, बँडवाल्यांचं, वाढप्यांचं, घोडीवाल्याचं. एका माणसाची तहान राहून गेली होती. तिचे कान गरम झाले. मग ती जे बोलली, ते या घरात आजवर कुणीच बोललं नव्हतं.

"मंग पानी प्या, बाबा."

मधल्या दारात छकुली उभी होती, हातांवरची मेंदी सुकवत. सकाळपर्यंत ती वहिनीच्या बाजूनं होती. उन्हात मेकअप वाहून जाईल, गोरजच बरा, असं तिनंच गोविंदाला फोनवर सांगून पाहिलं होतं. आता तिचा चेहरा उतरला.

"वहिनी, बस कर."

"छकू, मी..."

"बस कर म्हनली ना! माह्या लग्नात माह्या बापाले पानी पे म्हनते? तुले माहीत नाही का या घरात काय झालं होतं?" तिचा आवाज फुटला. "मले नाही पाह्यजे तुहा गोरज. दुपारी लागू दे, उन्हात लागू दे. माहा बाप मले जिता पाह्यजे."

आणि ती आत निघून गेली. मंजुश्रीनं एकदा गोकुळकडे पाहिलं. गोकुळ मोबाइल बंद करून नुसता काचेकडे पाहत होता.

स्वयंपाकघरात गीताबाई वाटच पाहत होत्या. सून आत आल्या-आल्या त्यांनी बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं. "तोंडाले काही लगाम आहे का तुह्या? पाहुने बसले, सोयरे बसले, आन् सासऱ्याले उपास मोडाले सांगते!" असं म्हणत त्यांनी एक पातेलं जोरात आपटलं. मग दार लोटलं आणि सुनेच्या दंडाला धरून तिला धान्याच्या कोठीमागे नेलं.

"थांबू नको आता," त्या हळूच म्हणाल्या.

"काय?"

"बोलली त पुरं बोल. अर्ध्यात सोडू नको."

नवऱ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून गीताबाईंनी सगळ्या देवांना नवस बोलले होते आणि एकेक करून फेडले होते. लग्नाची तारीख ठरल्यापासून त्यांना दुसरी कुठली काळजी नव्हती. जेवणावळी, मानपान, आहेर, सगळं हातचं होतं. त्यांना भीती होती ती या एका दिवसाच्या पाण्याची.

"मंग तुमीच सांगा ना त्यायले, आई."

"मी? मी बोलली त म्हनतीन, नवऱ्याच्या जिवावर उठली. त्यायच्या बापाचं, आबाचं झालं ते मालूम असूनबी उठली. उद्या त्यायले काही झालं, पान्यानं का कशानंबी, त जलमभर माह्या नावानं बोलतीन. तू बाहेरून आलेली. तुले बोलतीन आन् विसरतीन."

या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी आपण बाहेरूनच आलेल्या आहोत, हे मंजुश्रीला लागलं. पण सासू तिच्यावर ओझं टाकत नव्हती, तिच्यापाशी मदत मागत होती, हेही तिला कळलं.

"बाईपाशी जाय," गीताबाई म्हणाल्या. "त्या म्हनल्या त होईन. त्या नाही म्हनल्या त ब्रह्मदेवबी काही करू शकत नाही."

बाई म्हणजे अन्नपूर्णाबाई, उत्तमरावांची थोरली बहीण. वडनेर भोलजीला दिलेली. पडघानांच्या कुठल्याही लग्नाला त्या मांडवाच्या आदल्या दिवशी येतात आणि घराचा ताबा घेतात. देवक कुठे बसवायचं, हळद कोणी कांडायची, नवऱ्या मुलीला कुणाच्या सावलीत बसवायचं नाही, सगळं त्यांच्या तोंडपाठ. मुलांना त्यांचा धाक, सुनांना त्यांचा जाच, आणि उत्तमरावांना त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

त्या मधल्या खोलीत मुसळाला हळकुंड बांधत बसल्या होत्या. मंजुश्री त्यांच्यासमोर टेकली. तिच्या मागोमाग उत्तमराव आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. बैठकीत सुनेशी वाद घालणं शोभत नव्हतं, आणि बहिणीसमोर तिनं काय मांडलं हे ऐकल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं.

"मले मालूम आहे तू काऊन आली," अन्नपूर्णाबाई मान वर न करता म्हणाल्या. "ऐक मंग. माह्या लग्नाच्या दिवशी आबानं पानी मांगतलं. मी नवरी. पाटावर बसाची होती. मीनं सोताच्या हातानं लोटा देल्ला. अक्षता पडल्या आन् दिवस बुडाच्या आत आबा गेले. कन्यादानाचा उपास मोडला, म्हनून गेले. हा उत्तम तवा लोकाच्या कडेवर होता. त्याले बापाचं तोंडबी आठोत नाही. तवापासून या घरात लेकीच्या बापानं अक्षतेआधी पानी पेलं नाही. माह्या हातून जे झालं, ते दुसऱ्या कोनाच्या हातून नाही होऊ देनार मी."

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी अन्नपूर्णाबाई ती अशीच सांगत, एकाही शब्दाचा फरक न करता. सगळे ऐकून घेत आणि आपापल्या कामाला लागत.

मंजुश्री कामाला लागली नाही. तिच्या कामाचा एक भाग असा होता की उन्हाळ्यात कुणी गेलं की त्या घरी जाऊन बसायचं. दहावा-तेरावा आटोपला की जायचं, चहा घ्यायचा, आणि हळूहळू विचारायचं. शेवटच्या दिवशी कुठे होते, काय काम केलं, काय बोलले. त्यातून तिला कळायचं, गावात ऊन कुठे आणि कसं मारतं ते. ती सवय जिभेवर बसली होती. पुढचा प्रश्न तिनं मुद्दाम विचारला नाही. तो आपोआप आला.

"आत्या, आबा सकाळपासून कुठी होते त्या दिवशी?"

"कुठी म्हंजे? वेशीवर. माह्या सासरचे वडनेरहून बैलगाड्यायनं आले. बैलं घामाघूम झाले होते. आबा म्हने, पाहुन्याचं जनावर तहानलेलं नाही राह्यलं पाह्यजे. सोता विहिरीवरून पानी ओढलं, सोता पाजलं त्यायले."

"आन् सोता नाही पेले?"

"कोरडा उपास होता ना बाई!"

"मांडवात आले तवा घामाघूम असतीन."

अन्नपूर्णाबाईंचा दोऱ्यावरचा हात थांबला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "घाम नव्हता. अंग कोरडं होतं. मीनं हात धरला त चटका बसला मले. तव्यावानी."

"बोलले काय?"

"मले माय म्हनले. माय, पानी दे. मले वाटलं लाडानं म्हनून राह्यले. बाप लेकीले म्हनते ना, माय." त्या थांबल्या. "मंग म्हनले, गोठ्याले आग लागली, ढोरं सोडा. आग कुठी होती? काही नव्हतं. बाया हासल्या. म्हनल्या, पोरगी चालली म्हनून बापाचं चित्त ठिकान्यावर नाही."

"आत्या, हे बोलनं लोटा द्याच्या आधीचं का नंतरचं?"

उत्तमरावांना वाटलं, आता हिला थांबवावं. पण बहिणीचं तोंड त्यांनी असं कधीच पाहिलं नव्हतं.

"आधीचं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

आपण काय उकरलं ते मंजुश्रीला आत्ता कळलं. लोकांच्या घरी ती हे विचारून निघून येते. इथं तिला राहायचं होतं. ती उठायला लागली. "राहू द्या, आत्या. मी उगाच..."

"बस खाली!" अन्नपूर्णाबाई ओरडल्या. "काऊन राहू द्या? इचारलं तू. आता सांग."

"ते ऊन लागनं होतं, आत्या." मंजुश्री परत खाली बसली. "घाम थांबला, अंग तापलं, मानूस बरळाले लागला, म्हंजे ते ऊन डोक्यात गेलेलं असते. तुमी लोटा देल्ला तवा आबा अर्धे गेलेले होते. पान्यानं नाही गेले ते. पानी उशिरा भेटलं म्हनून गेले."

"तुले काय मालूम?" उत्तमराव चौकटीतून ओरडले. ते स्वतःच दचकले इतका तो आवाज मोठा होता. "तू होती का तिथी?"

"नाही, बाबा."

"मंग?"

"उत्तम," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मी होती."

उत्तमराव चौकटीला टेकून खाली बसले. बाप कसा होता हे त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांच्याजवळ बापाची एवढी एकच गोष्ट होती, की तो उपास मोडून मेला. लहानपणी त्यांना त्याचा राग यायचा. एका लोट्यासाठी आम्हाला सोडून गेला, असं वाटायचं. तो माणूस दुसऱ्याच्या बैलांना पाणी पाजत उन्हात उभा होता आणि स्वतः प्यायला नव्हता. आता त्यांना बापाची इतकी दया आली की त्यांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला आणि पोरासारखे रडायला लागले. कोणी त्यांना उगी राहा म्हटलं नाही.

अन्नपूर्णाबाई रडल्या नाहीत. त्यांनी मुसळ बाजूला ठेवलं.

"गोकुळ!" त्यांनी हाक मारली. "दुसरबीडले फोन लाव."

गोकुळ आला. त्यानं बाप खाली बसलेला पाहिला, बायकोचे डोळे पाहिले, आणि काही न विचारता नंबर लावला. पलीकडून आवाज आला तेव्हा त्यानं फोन आत्याला न देता स्वतःच बोलायला सुरुवात केली. ही त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती, पण तेव्हा कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"काका, गोकुळ बोलतो. उद्याचं लग्न आमी गोरजवर घेऊन राह्यलो."

"घेऊन राह्यलो म्हणजे?" महादेवरावांचा आवाज सगळ्या खोलीभर पसरला. "ठरवलं कोणी? पत्रिका वाटून झाल्या, गाड्या सांगून झाल्या, आन् तुम्ही आज सांगायलात? तुमच्या घरातून आम्हाला सकाळीच कळलं होतं, सूनबाईंच्या डोक्यात काय चालू हाय ते. मुलीकडच्या सुनेनं मुहूर्त फिरवला म्हणून चार लोकांत काय तोंड दाखवायचं मी?"

गोकुळची एवढीच शिदोरी होती, ती संपली. अन्नपूर्णाबाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"महादेवराव, मी अन्नपूर्णा बोलते, उत्तमची बहीन. सुनेनं नाही फिरवला. मीनं फिरवला."

"आत्याबाई, तुम्ही? तुम्ही तर सगळ्यात जास्त रीतीभाती पाळणाऱ्या."

"पाळल्या. माह्या लग्नात माहा बाप उन्हानं गेला, महादेवराव."

"आम्ही तर वेगळंच ऐकलं होतं."

"असन. समद्यायनं तेच ऐकलं. मीबी तेच सांगत आली." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाप उन्हानं गेला. भावाच्या लेकीच्या लग्नात मले कोनी गेलेलं नाही पाह्यजे. तुमच्यातलंबी नाही, आमच्यातलंबी नाही."

मागून कुणीतरी बाई महादेवरावांना काहीतरी सांगत होती. मग त्यांचा आवाज आला, जरा उतरलेला.

"आमच्या म्हातारीला आणायचं का नाही, यावरून कालपासून घरात वाद चालू हाय. ती ऐकायला तयार नाही. नातवाचं लग्न बघूनच मरीन म्हणती." ते खाकरले. "ठीक हाय. गोरज. पण वरात वाजतच येणार, त्यात मी काही कमी करणार नाही. आन् हे ऐनवेळचं मी मनात धरून राहणार, आत्ताच सांगून ठेवतो."

"धरा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "समदे जिते राहून धरा."

फोन ठेवल्यावर त्यांनी भावाकडे पाहिलं. "उत्तम, उद्या सकाळी चहा घेजो. गोळ्या घेजो. पानी पेत राहाजो."

उत्तमरावांनी डोळे पुसले. मनात जे होतं ते त्यांनी विचारून टाकलं. "बाई, पोरीचं काही वाईट झालं त?"

"माह्या बापानं पानी पेलं. माह्यं काय वाईट झालं? नांदली ना मी वडनेरले. लेकरं झाले, नातू झाले."

छकुली केव्हा आली होती कोण जाणे. मेंदीचे हात अधांतरी धरून ती बापाच्या शेजारी बसली आणि खांद्यानंच त्यांना ढकललं. "बाबा, पेजा. नाहीतर मीच उपास धरीन." उत्तमराव मान हलवत राहिले. दारामागे गीताबाईंनी सगळ्या देवांना पुन्हा एकदा हात जोडले, आणि मग कुणी पाहिलं नाही ना, हे पाहिलं.

घर एकदम चालू पडलं. भटजींना निरोप गेला. आचारी दुपारच्या पंगती रात्रीवर गेल्या म्हणून चिडला आणि मग भट्टी उन्हात पेटवायची नाही हे लक्षात आल्यावर गप्प झाला. अंगणात अब्दुल गनींनी माणसांना हाका मारल्या. "लाइटिंग काढा बे गाडीतली! संध्याकायचं लगन आहे!" त्यांच्या आवाजात असा काही तोरा होता की जणू मुहूर्त त्यांनीच काढला होता. गोकुळ मंजुश्रीजवळून जाता जाता म्हणाला, "बोललो ना मी?" तिला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा तिला भूक लागली.

पण जेवायला बसण्याआधी ती आत्याला शोधत मागच्या अंगणात गेली. अन्नपूर्णाबाई न्हाणीजवळच्या दगडावर एकट्याच बसल्या होत्या. हळदीचे हात मांडीवर तसेच पालथे पडले होते. मंजुश्रीला वाटलं, इतक्या वर्षांचं काहीतरी आज या बाईच्या मनावरून उतरलं असेल. ती जवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, तुमची काही चूक नव्हती. आता मनातून काढून टाका."

अन्नपूर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"लग्नानंतर पयल्या आखजीच्या सनाले मायनं मले माहेरी आनलं नाही," त्या म्हणाल्या. "पयल्या बाळंतपनालेबी नाही. मी आपल्या मनानंच येवो, तिनं नाही म्हनलं नाही कधी. बस म्हने, जेव म्हने. पन माह्या हातचं पानी नाही घेतलं. शेवटी पडून होती तवा मी तिच्या उशाशी होती. तहान लागली का मान फिरवे आन् तुह्या सासूले हाक मारे. गीता, पानी दे. मी लोटा घेऊन बसलेली राहो. गीता येईपर्यंत तशीच तहानलेली पडून राहे."

मंजुश्री खाली बसली आणि तिनं आत्याचा हात धरला.

"मी म्हनो, बराबर आहे तिचं. तिचा नवरा माह्या हातानं गेला. मले तिचा राग नाही आला कधी." अन्नपूर्णाबाईंचं तोंड वाकडं झालं आणि मघापासून थांबलेलं रडं आता आलं. "तुह्यामुळं आज मले समजलं. उत्तमले समजलं, पोरीले समजलं. त्या दुसरबीडवाल्यालेबी समजलं." त्यांनी मंजुश्रीचा हात घट्ट आवळला. "मायले कोन सांगीन व?"